आनंदाची आज्ञा
(फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा एक अभ्यास)

आज्ञा केली असता जी कामे होतात ती आपणा सर्वांस ठाऊक आहेत. गुरुजींनी उभे राहण्यास सांगितले की वर्ग उभा राहतो. आईने तांब्याभर पाणी आणावयास सांगितले की पाणी येते, मग ते लागलीच येवो की चार हाका मारल्यावर येवो. हातापायांस आज्ञा पाळता येते. परंतु एखाद्या मुलास कोणी आनंदी होण्याची आज्ञा केली तर त्याने काय करावे? हसू ओठांवर आणता येईल. पण आनंद हा ओठांवर राहणारा पदार्थ नव्हे. तो अंतःकरणात उपजतो, आणि अंतःकरण तर आपल्या स्वतःच्या हुकमतीतही पुरतेपणी नसते.

असे असता पवित्र शास्त्रात एक पत्र असे आहे की ज्यात ही आज्ञा स्पष्ट शब्दांत केलेली आहे. आणि वाचणाऱ्याने ती नजरचुकीने वाचली असे समजू नये म्हणून की काय, ती लागलीच दुसऱ्यांदा केलेली आहे. ते पत्र म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेले पत्र होय. त्या पत्राच्या आधारे, आनंद आज्ञेने कसा होऊ शकतो, आणि घरात, शाळेत व शेजारात तो कसा जोपासावा, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा लेख जसा विद्यार्थ्यांसाठी आहे तसाच तो त्यांच्या मातापित्यांसाठीही आहे. कारण घरातील एकाने कमवावा आणि बाकीच्यांनी पाहत राहावे, अशा जातीचा हा आनंद नाही.

पत्र आणि ते शहर

फिलिप्पै हे मासेदोनिया प्रांतातील एक प्राचीन शहर. अलेक्झांडर बादशहाचा पिता दुसरा फिलिप याने इ. स. पूर्वी ३५६ या वर्षी त्यास आपले नाव दिले. पुढे इ. स. पूर्वी ४२ या वर्षी, जूलियस सीझरचा वध करणाऱ्या ब्रूटस व कॅसियस यांचा पराभव याच शहराजवळील मैदानात झाला, आणि रोमी सैन्यातील निवृत्त शिपायांस येथे जमिनी देऊन वसविण्यात आले. आज ते शहर नांदते नाही. ग्रीस देशात त्याचे अवशेष उभे आहेत, व २०१६ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आहे.

इ. स. ५० च्या सुमारास पौल व सीला हे या शहरी आले. शब्बाथाच्या दिवशी नदीकाठी काही स्त्रिया प्रार्थनेसाठी जमत असत. तेथे जाऊन ते बसले व बोलू लागले. ऐकणाऱ्यांत थुवतीरा गावची, जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया नावाची एक व्यापारी स्त्री होती. तिने विश्वास धरला, आणि या पाहुण्यांस आग्रहाने आपल्या घरी उतरविले. या शहरातील मंडळीचा आरंभ असा एका स्त्रीच्या आग्रहाच्या पाहुणचाराने झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पत्र यानंतर काही वर्षांनी लिहिले गेले. ते रोम शहरातून इ. स. ६० ते ६२ च्या सुमारास लिहिले असावे असे पुष्कळांचे मत आहे; काही पंडित इफिस किंवा कैसरिया या गावांची नावे घेतात. गाव कोणतेही असो, लिहिणारा बेड्यांत होता याविषयी मतभेद नाही, कारण तो स्वतःच तसे लिहितो. आपला निकाल जीवदानाचा लागेल की मरणाचा, हेही त्यास ठाऊक नव्हते. पत्र लहान आहे. त्याचे ४ अध्याय व १०४ वचने असून ते एका बैठकीत सहज वाचून होते. एवढ्याशा पत्रात आनंद या अर्थाचे शब्द मूळ ग्रीक भाषेत १६ वेळा आले आहेत.

त्या ग्रीक शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आनंदास त्या भाषेत 'खारा' म्हणतात. मराठी कानास तो मिठाचा वाटेल, पण त्याची चव तशी नाही. कृपेस 'खारिस' म्हणतात, आणि उपकार मानण्यास 'युखारिस्तिया' म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच मुळापासून निघालेले आहेत. कोणी काही कृपेने द्यावे, घेणाऱ्याने ते ओळखून उपकार मानावे, आणि त्या देण्याघेण्यात आनंद व्हावा, असा हा तीन शब्दांचा परिवार आहे. आनंद हा मिळालेल्या वस्तूपेक्षा देणाऱ्याच्या ओळखीत अधिक आहे, असे हे शब्दच आपणास सुचवितात.

आज्ञेचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची गणना केली आहे, आणि त्या नऊ गुणांत प्रीतीच्या पाठोपाठ आनंदाचे नाव घेतले आहे. आनंद हे फळ आहे. आंब्याच्या झाडासमोर उभे राहून 'फळ दे' असे कोणी शेतकरी म्हणत नाही, आणि म्हटले तरी झाड ऐकत नाही. तरीपण फळाविषयी शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही असेही नाही. खड्डा खणणे, खतमाती घालणे, रोप लहान असता कुंपण करणे, आणि झाड मोठे झाल्यावर त्यावरील बांडगूळ वेळीच कापून काढणे ही कामे त्याची आहेत. ती तो करतो. फळ देव देतो.

पौलाच्या आज्ञेचा अर्थ या रीतीने घेतला म्हणजे ती अशक्य राहत नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र बारकाईने वाचले असता असे दिसते की, आनंदाची आज्ञा करून पौल तेथेच थांबला नाही. आनंद ज्या कृत्यांच्या आश्रयाने वाढतो ती कृत्येही त्याने स्वतः करून दाखविली आहेत, आणि ती सर्व कृत्ये इतर मनुष्यांशी संबंध ठेवण्याची आहेत. शिवाय तो म्हणतो की, असेल त्या स्थितीत समाधानी असण्यास मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावा. जो गुण शिकता येतो, त्याचे पाठही असले पाहिजेत. त्या पाठांपैकी चार येथे घेऊ.

पाठ पहिला : नावानिशी उपकार मानणे

पत्राचा आरंभच उपकारस्तुतीने होतो. फिलिप्पै येथील माणसांची आठवण झाली की आपण देवाचे उपकार मानतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करताना आपणास आनंद होतो, असे पौल लिहितो. आता या शहराने त्यास काय दिले होते? याच शहरी त्यास उघडे करून फटके मारण्यात आले होते. याच शहरी त्यास आतल्या बंदिखान्यात टाकून त्याचे पाय खोड्यांत अडकविण्यात आले होते. फिलिप्पैचे नाव निघताच त्या फटक्यांची आठवण व्हावी हे अगदी स्वाभाविक होते. परंतु त्यास लुदियेची आठवण होते, मंडळीतील माणसांची आठवण होते, आणि बहुधा त्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचीही होत असावी.

त्या अधिकाऱ्याची गोष्ट प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मध्यरात्री पौल व सीला प्रार्थना करून स्तोत्रे गात होते व इतर कैदी ऐकत होते. इतक्यात भूकंप होऊन दारे उघडली. कैदी पळाले असे समजून अधिकारी तरवार उपसून आत्मघात करणार, तोच पौलाने मोठ्याने ओरडून त्यास थांबविले. पुढे काय झाले ते वाचावे. ज्यांचे पाय त्याने संध्याकाळी खोड्यांत घातले होते, त्यांच्याच जखमा त्याने त्या रात्री आपल्या हाताने धुतल्या, त्यांस आपल्या घरात नेऊन जेवावयास वाढले, आणि मग घरच्या सर्व मंडळींसह त्यास आनंद झाला. आनंद या शब्दाच्या आधी कोणती कामे आली आहेत पाहा: जखमा धुणे आणि पान वाढणे.

आपल्या घरात आपण उपकार मानतो काय? दुकानदाराने सुटे पैसे दिले तर आपण आभार मानतो. पण रोज पहाटे उठून डबा करून देणाऱ्या आईस, सायकलीची साखळी बसवून देणाऱ्या भावास, फीचे पैसे वेळेवर भरता यावेत म्हणून स्वतःची नवी चप्पल पुढच्या वर्षावर टाकणाऱ्या बापास, आपण काय म्हणतो? 'घरच्या माणसांचे आभार कसले?' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि तिच्यात प्रेमाचा भाग आहे हे खरे. परंतु शब्द नकोत म्हणता म्हणता ओळखही नाहीशी होते. बाहेरच्यांशी गोड व घरच्यांशी तुटक बोलणे हा पुष्कळ सुशिक्षित घरांतील रोग आहे. त्यावरील औषध सोपे आहे. रात्रीच्या प्रार्थनेत 'सर्वांस आशीर्वाद दे' असे मोघम न म्हणता, त्या दिवशी कोणी आपणासाठी काय केले ते नावानिशी सांगावे. आणि सकाळी त्याच मनुष्याशी बोलताना ते आठवावे. मातापित्यांनीही हे करावे. मुलाने न सांगता अंथरूण घातले, मुलीने धाकट्यास निजविले, हे आईबापांच्या ध्यानात आले आहे असे मुलांस कळले पाहिजे.

पाठ दुसरा : एकमेकांची काळजी वाहणे

त्या काळी कैद्याच्या खाण्यापिण्याची व्यवस्था बहुधा त्याच्या आप्तमित्रांसच करावी लागे. म्हणून फिलिप्पैकरांनी पौलासाठी देणगी जमविली, आणि ती घेऊन एपफ्रदीत नावाच्या बंधूस त्याच्याकडे पाठविले. एपफ्रदीत पोहोचला, पण तो आजारी पडला, इतका की मरणाच्या दारी गेला. त्याच्या आजाराचे वर्तमान फिलिप्पै येथे कळले, आणि घरी कळले हे एपफ्रदीतास कळले. यानंतरचा तपशील फार हृदयंगम आहे. आपण आजारी आहो या दुःखापेक्षा, आपल्या आजाराने घरची माणसे काळजीत पडली असतील, या विचाराने तो अधिक कष्टी झाला.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींस हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. ताप आला असता 'घरी कळवू नका, आई घाबरेल' असे सांगणारी मुले प्रत्येक वसतिगृहात असतात. आणि इकडे आईही आपले दुखणे मुलाच्या परीक्षेपर्यंत त्याच्या कानी जाऊ देत नाही. ज्या दोन माणसांत अशी दुहेरी काळजी आहे, त्यांच्या घरी दारिद्र्य असले तरी आनंदाचे मूळ सुकलेले नाही असे समजावे.

पौलाने काय केले? बंदिवासात एक जिवाभावाचा माणूस जवळ असणे ही केवढी सोबत! तरी त्याने एपफ्रदितास परत पाठविले. त्याचे कारण तो असे देतो की, यास पाहून तुम्हास आनंद व्हावा, आणि तुम्हास आनंद झाला म्हणजे माझे दुःख हलके व्हावे. येथे आनंदाचा एक नियम दिसतो. स्वतःजवळ धरून ठेवलेली सोबत पौलास जे देऊ शकली नसती, ते तिला परत पाठविल्याने त्यास मिळाले. आपल्या आनंदाची वाट पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगणातून जाते. नहेम्याच्या पुस्तकातही हेच आहे. नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले, तेव्हा त्यांस सांगण्यात आले की, आज सण आहे, खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांच्याकडे ताटे पाठवा. नाताळात शेजारीपाजारी फराळाची ताटे फिरतात, दिवाळीत ती उलट दिशेने येतात. त्या ताटांवरील रुमालाखाली करंज्यांबरोबर हीच शिकवण झाकलेली असते. ताट ज्याच्या घरून उलट येण्याचा संभव नाही, त्याच्या घरी ते आधी जावे, एवढे मात्र पाहावे.

पाठ तिसरा : भांडण मिटविणे

आनंदाची ती दुहेरी आज्ञा चौथ्या अध्यायात आहे. तिच्या लगेच आधी काय आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. तिच्या आधी दोन स्त्रियांच्या भांडणाचा उल्लेख आहे. युवदीया आणि सुंतुखे या दोघी मंडळीतील चांगल्या, झटून काम करणाऱ्या बाया. सुवार्तेच्या कामी त्यांनी पौलाबरोबर श्रम केले होते. त्यांचे आपसांत बिनसले होते. कारण काय होते ते पौलाने लिहिले नाही. चूक कोणाची होती तेही लिहिले नाही. त्याने दोघींस वेगवेगळी, पण सारख्याच शब्दांत विनंती केली की, प्रभूच्या ठायी एकमनाच्या व्हा. आणि तेथील एका विश्वासू सोबत्यास सांगितले की, यांस साहाय्य कर. ही विनंती संपते आणि आनंदाची आज्ञा सुरू होते.

हा अनुक्रम सहज घडला असेल, पण त्यात मोठा अर्थ आहे. जेथे दोन माणसांचा अबोला आहे तेथे आनंद करा म्हणून सांगणे, म्हणजे बांडगूळ तसेच ठेवून झाडास खत घालणे होय. बांडगूळ बाहेरून हिरवेगार दिसते. पण ते झाडाचाच रस पिऊन हिरवे असते. अबोल्याचेही असेच आहे. 'मी काही भांडत नाही, मी फक्त बोलत नाही,' असे म्हणणाऱ्यास आपण शांतताप्रिय आहो असे वाटते. आणि इकडे सबंध घर दोन जावांच्या, दोन भावांच्या किंवा सासूसुनेच्या मौनाभोवती पाय न वाजविता चालत असते. लहान मुलांस हे सर्वांत आधी कळते. निरोप पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडे येते: 'जा, काकीला सांग, पाणी आले आहे.' काकी चार हातांवर उभी असते.

पौलाच्या रीतीतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, विनंती दोन्ही पक्षांस सारखी करावी. दुसरी, त्यांच्या भांडणाबरोबर त्यांच्या चांगल्या कामाचीही आठवण द्यावी. पौलाने त्या दोघींचे श्रम त्याच वाक्यात सांगितले आहेत. तिसरी, मध्यस्थ लागला तर त्याची लाज बाळगू नये. शाळेत दोन मित्र बोलत नसले तर तिसऱ्याने दोन्हीकडे गोष्टी पोहोचवून आगीत तेल ओतावे, असा प्रघात आहे. त्याच तिसऱ्याने त्या दोघांस एका बाकावर आणून बसवावे, हे पौलाने त्या सोबत्यास सांगितलेले काम होय.

या पाठाचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यामुळे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापासून त्यांची ताटातूट झाली. दोघांचे स्वभाव तेज होते. दुःख दोघांनीही भोगले. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास आल्या, त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या व सोवळेही पाळीत होत्या. एका घरात दोन धर्म, दोन पाणवठे, आणि तरी एक संसार, अशी ती स्थिती होती. १९०० साली त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. या सर्व काळाची हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात लिहिली. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. ज्या दिवसांत अश्रू आले त्या दिवसांविषयी लिहितानाही त्यांचा विनोद सुटत नाही. आणि तो विनोद जसा पतीच्या विसराळू व उदार स्वभावावर आहे तसा स्वतःवरही आहे. स्वतःवर हसू शकणाऱ्या माणसास अबोला फार दिवस धरता येत नाही. याच कुटुंबात पुढे बालकवी ठोंबरे हे काही काळ घरच्या मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते. त्यासाठी त्यांचे पान वेगळे मांडले गेले नाही. मराठीतील आनंदाचे अत्यंत प्रसिद्ध गीत ज्यांच्या लेखणीतून उतरले, त्यांस या घरी माया मिळाली, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

पाठ चौथा : दुसऱ्याच्या आनंदात शिरणे

हा पाठ सर्वांत कठीण. दुसऱ्याच्या दुःखात शिरणे त्या मानाने सोपे असते. मित्र नापास झाला तर आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मित्र पहिला आला आणि आपण विसावे आलो, तर तोच हात पुढे होताना जड होतो.

पौल बंदीत असता बाहेर काही प्रचारक होते. त्यांच्यापैकी कित्येक हेव्याने, पौलास आणखी क्लेश व्हावा या हेतूने प्रचार करीत होते. पौल लिहितो की, हेतू कोणताही असो, ख्रिस्ताची घोषणा होत आहे, आणि त्यात मला आनंद आहे. काम माझ्या हातून व्हावे, हा आग्रह ज्याने सोडला, त्याचे काम प्रतिस्पर्धी करू लागला तरी त्याचा आनंद कोण हिरावून घेणार?

याच्या उलट चित्र लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. तेथे तीन दृष्टांत आहेत: शंभरांतले एक मेंढरू, दहांतले एक नाणे आणि दोहोंतला एक मुलगा. मेंढपाळ शेजाऱ्यांस बोलावतो, ती बाई मैत्रिणींस बोलावते, आणि बाप मेजवानी करतो. हरवलेले सापडल्याचा आनंद एकट्याने करवत नाही. परंतु तिसऱ्या दृष्टांतात एक मनुष्य त्या आनंदाबाहेर उभा राहतो. थोरला भाऊ शेतावरून येतो, गाणेबजावणे ऐकतो, आणि रागावून आत जात नाही. त्याची तक्रार अगदी खोटी नाही. त्याने पुष्कळ वर्षे राबून काम केले, आणि मित्रांबरोबर चैन करण्यासाठी त्यास कधी एक करडूही मिळाले नाही. बापाशी बोलताना तो 'माझा भाऊ' असे म्हणत नाही. 'हा तुमचा मुलगा' असे म्हणतो. बाप त्यास उत्तर देताना हळूच शब्द फिरवतो, आणि 'हा तुझा भाऊ' असे म्हणतो. थोरल्यास आत जाण्यासाठी दार उघडे होते. अडचण एका नात्याच्या शब्दाची होती. तो शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. ते आपण आपल्या घरी ठरवावयाचे आहे.

येथे मातापित्यांस नम्रपणे एक विनंती करावीशी वाटते. निकालाच्या दिवशी 'शेजारच्या मुलाला किती मिळाले?' हा प्रश्न प्रथम विचारू नये. त्या एका प्रश्नाने मुलाच्या मनात त्याच्या मित्राचे यश हा आपला अपमान म्हणून नोंदला जातो, आणि पुढे जन्मभर त्यास दुसऱ्याच्या घरचा पेढा कडू लागतो. ज्यांची मुले उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली त्यांनी पेढे अवश्य वाटावेत; पण ज्या घरी त्या दिवशी चूल उशिरा पेटली असेल, त्या घरी पेढ्याबरोबर थोडा वेळ बसावे. आणि जो मुलगा नापास झाला त्यास आईबापांनी त्याच दिवशी जवळ घेऊन जेवावयास बसवावे. बाप अंगणात जाऊन थोरल्याची समजूत घालतो, आणि धाकट्यास दुरून पाहून धावतो. दोन्ही मुलांसाठी त्यास घराबाहेर यावे लागते.

आनंद आणि अश्रू

कोणी म्हणेल की, ज्या घरी मृत्यू झाला आहे, ज्या घरी कर्जाचा तगादा आहे, तेथे आनंदाच्या गोष्टी बोलणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? आनंदाचा अर्थ सदैव हसरे तोंड असा केला तर ती थट्टाच होय. पण याच पत्रात पौल एके ठिकाणी रडत रडत लिहीत असल्याचे सांगतो. आणि एपफ्रदीत मेला असता तर आपणास दुःखावर दुःख झाले असते, असे कबूल करतो. बेथानी येथे लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. ज्याने आनंदाची शिकवण दिली त्याने अश्रूंस मनाई केलेली नाही. म्हणून दुःखात असलेल्यास 'रडू नका, आनंदी राहा' असा उपदेश कोणी करू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याच्या घरचे पाणी भरावे, त्याच्या मुलांस आपल्या घरी जेवू घालावे. तसल्या दिवशी त्याच्या वाट्याचा आनंद दुसऱ्या कोणीतरी जपून ठेवावा लागतो, जसे पुरात घर गेलेल्याचे बियाणे शेजारी आपल्या कणगीत ठेवतो. पेरणीचे दिवस आले म्हणजे ते त्यास परत मिळते.

नित्याचा अभ्यास

विद्यार्थिमित्रहो, पाढे जसे एका दिवसात पाठ होत नाहीत, तसे हे पाठही होत नाहीत. म्हणून थोडे थोडे करून पाहावे. एका आठवड्यात रोज रात्री एका माणसाचे नाव घेऊन उपकार मानावे. दुसऱ्या आठवड्यात रोज एक काम, ज्याचा गवगवा होणार नाही असे, घरातील कोणासाठी तरी करावे. तिसऱ्या आठवड्यात, ज्याच्याशी बोलणे बंद आहे अशा एकाशी आपण होऊन बोलावे. विषय फार मोठा असण्याची गरज नाही, 'पुस्तक देतोस का?' एवढेही पुरे. चौथ्या आठवड्यात, आपल्याहून पुढे गेलेल्या एका सोबत्याचे त्याच्या तोंडावर मनापासून अभिनंदन करावे. कुरकुर न करता कामे करावी असे पौलाने याच पत्रात सांगितले आहे. तो नियम चारही आठवडे चालू ठेवावा. महिना संपल्यावर पत्राचे ते चार अध्याय पुन्हा वाचावे. पहिल्या वाचनात जी वचने नुसती उपदेशाची वाटली होती, त्यांत आपल्या घरची माणसे दिसू लागतील.

मातापित्यांनीही मुलांबरोबर हा अभ्यास करावा. मुलांस दिलेला उपदेश मुले विसरतात. पण बापाने काकांशी आपण होऊन बोलणे सुरू केल्याचा दिवस ती विसरत नाहीत.

देव करो, आणि ज्या घरांत हे पुस्तक वाचले जाईल त्या प्रत्येक घरी कोणीतरी कोणाची तरी जखम धुवो, कोणीतरी कोणासाठी तरी पान वाढो, आणि त्या घरी सर्व मंडळींसह आनंद नांदो.